जोरात मारा

“वर बघ, वर बघ!” मालुबाई फोनकडं बघून ओरडली आणि हसायलाच लागली. “कोण आठवण काढतंय गं तुझी एवढी? आम्ही तर हितंच हाय की!”

हसण्यासारखंच होतं ते. लेक रचना व्हिएतनाममधल्या कुठल्याशा गल्लीत, रस्त्यावरच्या गाड्यापाशी, बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून जेवत होती. बेळगावच्या कंपनीनं तिला पहिल्यांदाच परदेशी धाडलेलं. बरोबरच्या पोरी दमून हॉटेलात आडव्या झाल्या, ही एकटीच खाली उतरली आणि फोन सॉसच्या बाटलीला टेकवून आईबापाला वाडगं दाखवत बसली.

“ते पांढरं काय गं?” मालुबाईनं विचारलं होतं.

“मासळीचा गोळा, आई. लई भारी लागतंय.” एवढं बोलून तिनं तो अख्खाच्या अख्खा तोंडात टाकला, बापाच्या कसल्याशा चेष्टेवर हसली, आणि ठसका लागला.

इकडं जांबोटी गावात गोठ्यामागच्या चढावर परशराम आणि मालुबाई डोक्याला डोकं लावून उभी होती. घरात रेंज येत नाही. लेकीशी बोलायचं तर हा चढ चढावाच लागतो.

आता ठसक्याला कोण घाबरतंय? पण ठसक्याला आवाज असतो. रचना खोकत नव्हती. तोंड उघडं, डोळे बाहेर आलेले, दोन्ही हात गळ्याशी, आणि आवाज म्हणून नाही. परशरामाच्या ते ध्यानात आलं.

“अगं, हसू नगंस. तिच्या नरड्यात अडकलंय.”

मालुबाईचं हसू जागच्या जागी विरलं. फोनमध्ये स्टूल कलंडलं. गाड्यावरची बाई धावत आली आणि तिनं रचनाच्या तोंडाला पाण्याचा पेला लावला. पाणी आत गेलंच नाही, हनुवटीवरून सगळं अंगावर सांडलं.

“पाणी नको! पाठीत मारा, पाठीत!” परशराम मराठीत ओरडला. मग तेच “नीरु ब्याड्री!” असं कानडीत, मग मोडक्यातोडक्या हिंदीत. येत होत्या तेवढ्या भाषा संपल्या. त्या बाईनं दचकून फोनकडं बघितलं. तिला काय कळणार, कपाळ! पण ती बघत होती. आणि तिच्या शेजारी रचनाचे ओठ काळेनिळे पडत चालले होते.

 परशरामानं फोन गोठ्याच्या दगडी गडग्यावर उभा केला, मालुबाईला दंडाला धरून पुढ्यात ओढलं, कमरेत वाकवलं आणि तिच्या दोन खांद्यांच्या मधोमध तळहात मारला.

“असं! बाई, असं!”

मालुबाईला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा तिनं गुडघ्यांवर हात रोवले आणि मान खाली घातली.

“असं लाडानं मारून तिला काय कळतंय? जोरात मारा!”

लग्न झाल्यापासून ह्या माणसानं बायकोवर हात उगारला नव्हता. भांडण झालं की तोच गोठ्यात जाऊन बसायचा. आता त्यानं डोळे मिटले आणि हाणला. मालुबाई कळवळली. “अजून!” म्हणाली. खालच्या वाटेनं गुरं घेऊन निघालेला शेजारचा भावकू तिथनंच बोंबलला, “अवो आण्णा, काय चालवलंयसा? वैनीला मारताय?” त्याला उत्तर द्यायला इथं कुणाला सवड होती!

फोनमधल्या बाईनं रचनाला धरलं. कमरेत वाकवलं. हात वर नेला. आणि चित्र थांबलं.

हात तसाच वर राहिला. पडद्यावर नुसतं गोल चक्कर फिरायला लागलं. परशरामाचाही हात थांबला.

“का थांबला?” मालुबाईनं वाकल्या वाकल्याच विचारलं.

“रेंज गेली गं.”

“आपल्याला दिसंना झालंय. तिकडं आपण दिसत असलो तर?”

“कसं दिसंल?”

“तुमास्नी काय म्हाईत? मारा की! पाया पडते तुमच्या, मारा!”

त्यानं मारलं. आपण थांबलो की ती बाई थांबणार, आणि ती थांबली की आपली पोरगी संपली, हेच त्याच्या डोक्यात बसलं. तो मारत होता, रडत होता, येईल त्या देवाचं नाव घेत होता. मालुबाई दर फटक्याला “अजून” म्हणत होती. मग तिला तेही म्हणवेना, नुसती मान हलवत राहिली.

फोनमधून आधी आवाज आला. चित्राचा पत्ता नव्हता. भांड्यांचा खणखणाट, कुणाचं तरी न कळणारं बोलणं, आणि मग खोकला. मोठा, घोगरा, ओकारी काढल्यासारखा खोकला. परशरामाच्या कानात तो शिरलाच नाही. त्याचा हात चालूच होता.

“आप्पा...” घसा पार फाटलेला. “आप्पा, बास करा. आईला लागतंय.”