चहूकडून

सकाळभर खटपट करून म्हाताऱ्यानं नवा गोल स्पीकर खोलीच्या मधोमध बसवला, कोपऱ्यातला जुना माळ्यावर टाकला. दृष्टी गेलेल्या बायकोला गाण्यांचाच विरंगुळा होता. “कुठंही बस, सारखंच ऐकू येईल,” तो खुशीत म्हणाला. गाण्यानं खोली भरून गेली. स्वयंपाकघरातून चहा घेऊन निघालेली बायको मात्र अर्ध्या वाटेत थबकली. “अहो, आवाज चहूकडून येतोय. खुर्ची कुठंय, तेच कळेना.” कोपऱ्यातल्या गाण्याच्या रोखानं ती वाट काढायची, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. गाणं बंद करून तो हात धरायला धावला. “हात नको. खुर्चीपाशी उभे राहून नुसतं बोला.” खुर्चीपाशी जाऊन तो हाती लागलेलं स्पीकरचं माहितीपत्रकच वाचू लागला, “जाळीवरची धूळ मऊ ब्रशनं झाडावी...” ती थेट समोर येऊन हसली. “वाजतो छान हो. फक्त मी बसल्यावर लावत जा.”