पंधरा सेकंद

मशीन सुरू होऊन वीस मिनिटं झाली आणि घड्याळवाले काका थंडीने कुडकुडायला लागले. दोन ब्लँकेटं घातली तरी पलंग हलायचा थांबेना. काकूंनी त्यांचे पाय घट्ट धरून ठेवले. डायलिसिसच्या सिस्टरची नजर मात्र त्यांच्या छातीकडे गेली.

काकांच्या गळ्याखालून घातलेल्या कॅथेटरच्या दोन नळ्या छातीवर लोंबत. आठवड्यातून तीनदा त्यांतूनच रक्त मशीनकडे जाई आणि शुद्ध होऊन परत येई. हे तिसरं कॅथेटर. यात जंतू शिरले तर पुढचं घालायला धड शीर उरलेली नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

आणि चूक कुणाची, ते सिस्टरला पक्कं ठाऊक होतं.

नळीचं टोपण निघालं की तिचं तोंड थेट रक्ताला उघडं. म्हणून ते दवाखान्यातच, मास्क आणि हातमोजे घालून काढायचं, नळीचं तोंड औषधाच्या बोळ्याने पंधरा सेकंद घासायचं, वाळू द्यायचं, मगच जोडायचं. काकांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. ते मनगट पुढे धरून मोजत आणि हात जरा लवकर थांबला तर म्हणत, "सिस्टर, एक सेकंद खाल्लात." काकू शेजारी बसून टक लावून तिचे हात बघत. बाई अशी टापटिपीची की घरच्या नळात तोंड पाहून घ्यावं. "नीट बघून ठेवा काकू," सिस्टरच एकदा कौतुकाने म्हणाली होती, "नळ्या स्वच्छ तर काका ठणठणीत."

पण गेल्या सोमवारी दोघी जणी रजेवर आणि पलीकडच्या पेशंटचं बीपी कोसळलेलं. तिने बोळा फिरवला न फिरवला आणि जोडून टाकलं. काकांनी मनगटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बोलले काहीच नाहीत. ते न बोलणंच तिला खात होतं.

तपासणीत जंतू निघाले. अंघोळीत कॅथेटरवरची पट्टी भिजवली असणार, म्हणून हेडसिस्टरने सगळ्यांदेखत काकांनाच फैलावर घेतलं. "असेल," एवढंच बोलून काकांनी मान खाली घातली. सिस्टर तिथेच उभी होती. तिच्या तोंडून चकार शब्द निघाला नाही. लाजेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

औषधांनी ताप उतरला. कॅथेटर वाचेल की नाही, ते अजून ठरायचं होतं. ताप उतरला त्याच दिवशी तिने पडदा ओढला, स्टुलावर बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"पाच," काका हळूच म्हणाले. "मोजले होते मी. पण तुमची धावपळही दिसत होती."

तिला रडू आवरेना. आत्ताच हेडसिस्टरला सांगते, नोकरी गेली तर गेली, म्हणून ती उठली. काकूंनी हात धरून तिला खाली बसवलं. पिशवीतून पांढऱ्याशुभ्र रुमालात बांधलेली स्पिरिटची बाटली आणि कापूस काढून तिच्यापुढे धरला.

"वेडी का काय तू? एका दिवसाचं काय घेऊन बसलीस," काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "तुझंच बघून शिकले ना मी. महिना झाला, दुपारी घरी यांचा डोळा लागला की रोज टोपणं काढून दोन्ही नळ्या आतून पुसते."