सतरा नंबरचा निरोप

"सतरा मिळाला नाही. पुन्हा पाठवा."

जहाजावरून नवव्यांदा हेच टाइप होऊन आलं, तेव्हा ऑपरेटरबाईंनी हातातलं पेन टेबलावर आपटलं. "डोळे फुटलेत की काय याचे!"

काम काही नवीन नव्हतं. खलाशांच्या घरच्यांनी बोलून पाठवलेले निरोप आधी दाबून लहान करायचे. मग त्यांचे तुकडे पाडायचे, एकेकावर नंबर टाकायचा आणि गच्चीवरच्या डिशमधून उपग्रहाकडे सोडायचे. तिकडे भर समुद्रात जहाजावरचं यंत्र नंबर बघून ते पुन्हा जोडायचं. तिथला रेडिओवाला 'मिळाला' म्हणेल तेव्हाच पुढचा निरोप सुटायचा. आठवड्यातून एकदा, तासभर. आज चाळीस निरोप होते आणि अर्धा तास एकट्या सतरानं खाल्ला होता. मागे तेवीस निरोप ताटकळत होते.

बाईंनी वायर हलवून पाहिली. तुकडे नव्यानं पाडले. दहाव्यांदा पाठवला. पडद्यावरची हिरवी रेघ शेवटपर्यंत गेली. एकही तुकडा गळला नव्हता.

"सतरा मिळाला नाही."

आता मात्र बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी टाइप केलं, "सगळा पोचलाय. मला इथे बसून दिसतंय. माझ्याशी लबाडी चालायची नाही."

मग एकेक ओळ उमटली.

"बाई, सतरा माझ्या आईचा आहे. ऑपरेशनला नेण्याआधीचा. यादीत अठरापण माझाच दिसतोय, भावाच्या फोनवरून. भाऊ कधी निरोप पाठवत नाही. तो अठरा नका सोडू."

लोकांचे निरोप ऐकायची सक्त मनाई होती. वीस वर्षांत त्यांनी एकही ऐकला नव्हता. त्यांनी ड्रॉवरमधून हेडफोन काढले आणि अठरा उघडला.

चार शब्द ऐकले असतील नसतील, तोच "अरे देवा, काय हा माणूस!" म्हणत त्यांनी सतरा बाजूला सारला आणि अठरा सोडून दिला.

जहाजाच्या केबिनमध्ये आवाज फुटला. घसा बसलेला, पण धार तीच.

"अरे गाढवा, शुद्धीवर येऊन दोन दिवस झाले मला! आई जगली की मेली, एका शब्दानं तरी विचारलंस का?"