गवंड्याचं जोतं

"शून्य," मोजणीदार म्हणाला आणि वहीत लिहून मोकळा झाला.

गवंडीबुवा मिशीतल्या मिशीत हसले. "ऐकलंस?"

"ऐकलं, दादा," धाकटा भाऊ म्हणाला. "अकरावं वर्ष हे. आता तुझी मिरवणूकच काढायची राहिली."

किनाऱ्यालगतची ती गल्ली दरवर्षी थोडी थोडी खचत होती. शिंप्याचं घर चार बोटं खाली गेलं होतं, धाकट्याचं तर चांगलं वीतभर. वीतभर खचलेलं घर रिकामं करायचं, असा सरकारी नियम. म्हणून धाकटा कालच बायकापोरं आणि भांडीकुंडी घेऊन थोरल्याकडे राहायला आला होता. वीस वर्षांपूर्वी एका सामाईक भिंतीवरून दोघांचं फाटलं होतं. आज दोन्ही जावा एकाच चुलीपाशी खिदळत होत्या. गवंडीबुवांना आणखी काय हवं? धास्ती एकच होती: हेही घर यादीत गेलं, तर दोन्ही संसार उघड्यावर. आता तीही गेली.

"पण भरतीचं पाणी हल्ली दुसऱ्या पायरीला लागतं हो," बायको आतून म्हणाली. "पूर्वी गल्लीतसुद्धा येत नव्हतं."

"अगं, समुद्र वर चढतोय, त्याला मी काय करू? हे जोतं माझ्या हातचं आहे. एक वेळ तू हलशील, ते हलायचं नाही."

"चाळीस वर्षांत मी तरी कुठं हलले?"

मोजणीदारही हसला. दरवर्षी तो मोजणीला सुरुवात याच ओट्यावरून करी. वहिनींच्या चहासाठी, असं सगळी गल्ली म्हणे.

धाकट्यानं त्याच्या हातात कप दिला. "साहेब, माझं बांधकाम कच्चं म्हणून दादानं जन्मभर टोमणे मारले. तुमच्या वहीनं ते खरे केले. पण एक सांगा, कोण किती खचलं हे कळतं कसं? मोजता कुठून?"

मोजणीदारानं चहावर फुंकर घातली. "सोपं आहे. आधीच्या साहेबांनी गल्लीतलं सगळ्यात भक्कम घर निवडून ठेवलंय. ते हलत नाही असं धरायचं, त्याच्यापुढे शून्य लिहायचं आणि बाकीची घरं त्याच्याहून किती खाली गेली तेवढं मोजायचं."

त्यानं ओट्यावर हलकेच थाप मारली.

"हेच ते घर."