दोनदा दाबा

अंजनवेलच्या बायका हातानं पत्रं लिहायच्या आणि खैरून ती स्कॅन करून गल्फमधल्या त्यांच्या नवऱ्यांना ईमेलनं पाठवायची. जोडलेल्या फाइलवर दोनदा दाबलं की पत्र उघडतं, हे तिनंच त्या चौतीस नवऱ्यांना शिकवलं होतं. आज भावाच्या नावानं ईमेल आला. तिनं फाइल उघडली, आत काहीच नव्हतं. मोडेमचा दिवा मात्र लुकलुकत राहिला. तिनं पाठवलेल्या ईमेलांत पाहिलं, तर तिच्या नावानं तीच फाइल चौतिसांनाही परस्पर गेली होती. व्हायरस! सगळ्यांना सावध करायला तिनं मोडेममधली टेलिफोनची वायर उपटून फोनला लावली, तोच तो वाजला. कुवेतहून मुसा होता. "भाबी, घरचा पत्र उघडत नाय. तुमी शिकवलात तसा दोनदा दाबला, मशीनच बंद पडली. थांबा, शेठ नमाजला गेलाय, त्याच्या मशीनवर बघतो." "नको, मुसाभाय, दाबू नका!" ती ओरडली. रिसीव्हर त्यानं टेबलावर ठेवला होता. तिकडून आवाज आला: टक, टक.