पूल-तपासणी अभियंता पाहिजे

बाळाला भरवताना तिने नवऱ्याचा मोबाइल घेतला, तिचा चार्जिंगला होता. गाणं लागायच्या आधी जाहिरात आली. पूल-तपासणी अभियंता पाहिजे. अनुभव पाच वर्षं. अर्ज आज संध्याकाळी पाचपर्यंत.

चमचा हवेतच राहिला. सात वर्षं तिने पुलांखाली लटकून भेगा मोजल्या होत्या. आता आठ महिने रोज नोकरी शोधत होती. तिच्या मोबाइलवर यायचं काय, तर पोट कमी करायची पावडर, घरबसल्या शिकवण्या आणि डायपर.

"ही तुला कधीपासून येतेय?"

"ती? पंधरा दिवस पिच्छाच सोडत नाही," नवरा म्हणाला. तो शाळेत इतिहास शिकवायचा. भिंतीत खिळा ठोकायचा तर शेजाऱ्याला हाक मारायचा.

समोर धाकटा दीर चहा पीत बसला होता. मोबाइलवर जाहिराती लावून देणाऱ्या कंपनीत होता तो. वाकून बघितलं आणि खुललाच. "अरे, ही तर आमची! मीच लावलीय."

"मग मला कशी दिसली नाही, भावोजी?"

"मी कुठे कुणाला वगळलं? कुणाला दाखवायची ते मशीन ठरवतं, वहिनी. बायकांना दाखवणं महाग पडतं. साबण-क्रीमवाल्यांनी भाव चढवून ठेवलेत. मग मशीन आपलं स्वस्तातले पुरुष गाठतं."

"बायकांचे अर्ज किती आले?"

"एकही नाही." त्याने बिस्किट बुडवलं. "म्हणजे बघा, बायकांना यात रसच नसतो. मशीनच्याही ते लक्षात आलंय. भलतं हुशार असतं हो!"

"हो ना. अगदी आपल्या घरातलंच वाटतं."

दिराला ते कौतुक वाटलं. त्याने दुसरं बिस्किट घेतलं.

साडेचार वाजले होते. तिने बाळ नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं, वाटी त्याच्या हातात दिली आणि अर्ज उघडला. तपासलेल्या एकेचाळीस पुलांची नावं तिला न अडखळता आठवली. बाळाने भोकाड पसरलं. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

ती काय करतेय ते दिराच्या ध्यानात यायला पाच वाजत आले. तो खुर्चीतून अर्धवट उठला.

"अहो वहिनी, थांबा, थांबा! बायकांना यात रस नाही, असा रिपोर्ट उद्या साहेबांना दाखवायचाय. आकडे बिघडतील ना माझे!"

तिने मोबाइलच्या काचेवरचं कुस्करलेलं केळं अंगठ्याने पुसलं आणि त्याच अंगठ्याने अर्ज पाठवून दिला.