काम पूर्ण झाल्याचा दाखला

"धनगरवस्तीचा रस्ता नव्या आराखड्यात घेता येणार नाही," अभियंता साहेब म्हणाले. "तो चार वर्षांपूर्वीच झालाय."

भैरवनाथाच्या मंडपात ग्रामसभा भरली होती. बायकांच्या घोळक्यातून रतनबाई उठली आणि सरळ टेबलापुढं येऊन उभी राहिली.

"कुठं झालाय, सायेब? टँकर डांबर संपतं तिथंच थांबतो. पुढं दोन किलोमीटर आमी दगडांतनं पाणी व्हातो. गेल्या महिन्यात माझी सून हंड्यासकट पडली. खुबा मोडला तिचा. अजून खाटंवर हाय."

"आजी, मला कागद बघून बोलावं लागतं. काम पूर्ण झाल्याचा दाखला आहे. सरपंचांच्या सहीचा."

साहेबांनी फाईल निर्मलापुढं सरकवली. सरपंच तीच होती. जागा बायकांसाठी राखीव झाली तेव्हा सासऱ्यांनी तिला उभं केलं होतं. सासरे, सगळ्या पठाराचे आण्णा, आत्ता समोरच पहिल्या रांगेत बसले होते. रस्त्याचा ठेकेदार त्यांच्या रोजच्या उठण्याबसण्यातला.

निर्मलानं फाईल उघडली. सही तिचीच होती.

तिला ती सकाळ आठवली. सरपंच होऊन महिनाही झाला नव्हता. ती भाकरी थापत होती. आण्णांनी कागदांचा गठ्ठा ओट्यावर ठेवला. "इथं, इथं, आन् इथं." ओतूरच्या कॉलेजात बी.ए. झालेली निर्मला वरचा कागद वाचायला लागली. "भाकर करपतीय," आण्णा म्हणाले. तिनं पिठाचा हात पुसला आणि सह्या केल्या.

ग्रामसेवक सावळेराम तिच्या कानाशी वाकले. "ताई, फाईल तपासून पुढच्या सभेत सांगते म्हणा."

"आराखडा सोमवारी जिल्ह्याला जातोय," साहेबांनी ते ऐकलं होतं. "त्यानंतर काही वर्षं विषय संपला. दाखला खोटा आहे, असं आज सभेत नोंदवलं तरच रस्ता घेता येईल. पण मग सही करणाऱ्यावर कारवाई होणार."

"पुढचा विषय घ्या," आण्णा बसल्या जागेवरून म्हणाले.

सावळेरामांनी रजिस्टरचं पान उलटलं. निर्मलानं त्यावर हात ठेवला.

"थांबा, भाऊसाहेब. सही माझी आहे. मी ती न वाचता केली. रस्ता झालेला नाही. लिहा."

सावळेरामांचं पेन हवेतच राहिलं.

"ताई, पद जाईल."

"जाऊ दे. लिहा."

ते लिहू लागले. मंडपात कुजबुज सुरू झाली. आण्णांचा चेहरा क्षणभर ताठला, मग सैल पडला. त्यांनी टोपी सारखी केली आणि शेजारच्यांकडं वळून ते समजुतीच्या सुरात बोलू लागले, "पोरगी नवीन व्हती. चूक झाली तिच्या हातून. गावानं पदरात घ्यावी."

दोघातिघांनी माना डोलावल्या. विषय तिथंच मिटणार, असं दिसू लागलं.

रतनबाई मात्र जागची हलली नव्हती.

"तुला वाचता येतं, बाई," ती निर्मलाला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मग न वाचता सही कर, असं सांगितलं कुणी?"

आण्णांनी मान वर करून सुनेकडं पाहिलं. ते घाबरलेले नव्हते. आपली सून कुठवर जाईल हे त्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी तिला त्याच घरात जाऊन चूल पेटवायची होती.

निर्मलानं डोक्यावरचा पदर नीट केला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती. रेशनच्या रांगेत कारकुनानं विचारलं, तेव्हाही तिनं सासऱ्यांचं नाव स्वतः न घेता शेजारणीकडून सांगवलं होतं.

"रखमाजी कोंडाजी," ती म्हणाली. "भाऊसाहेब, हेही लिहा."